वायफायचं काम वायरीपासून सुरू होतं: घरात किंवा छोट्या ऑफिसात अ‍ॅक्सेस पॉइंट कसा बसवावा

मागच्या खोलीत वायफाय मिळत नाही म्हटलं की बहुतेक जण आधी इंटरनेटचा प्लॅन वाढवतात. १०० एमबीपीएसचे ३०० होतात, बिल वाढतं आणि मागच्या खोलीतला व्हिडिओ कॉल पूर्वीसारखाच अडखळत राहतो. कारण इंटरनेट राउटरपर्यंत नीटच पोहोचत होतं. अडचण राउटर आणि त्या खोलीच्या मधल्या भिंतींमध्ये होती. त्या भिंती पार करण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे खोलीपर्यंत केबल न्यायची आणि तिथे वायफाय पसरवणारा एक सुटा डबा, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट बसवायचा. या लेखात ते काम सुरुवातीपासून करू. मला विचाराल तर यातला मोठा भाग केबल आणि जागा यांचा आहे. सेटिंगचा भाग तासाभराचा.

आधी रोग ओळखा

लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. मग केबल काढून राउटरच्या शेजारी उभं राहून वायफायवर तीच टेस्ट करा. शेवटी जिथे त्रास होतो त्या जागी जाऊन करा. केबलवरच स्पीड कमी येत असेल, तर अ‍ॅक्सेस पॉइंट काहीही करू शकणार नाही, कंपनीकडे तक्रार करा. केबलवर चांगला पण राउटरशेजारी वायफायवर वाईट असेल, तर राउटर जुना असेल किंवा चॅनलवर (वायफाय लहरींच्या ज्या पट्टीवर बोलतं तिच्यावर) गर्दी असेल. दोन्ही ठिकाणी चांगला आणि लांबच्या खोलीतच वाईट असेल, तर पुढचं वाचा, हा लेख तुमच्यासाठी आहे.

अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणजे नेमकं काय

घरातल्या ज्या डब्याला आपण राउटर म्हणतो, त्याच्या पोटात तीन-चार यंत्रं असतात. एक म्हणजे खरा राउटर: तो घरातल्या प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) वाटतो आणि घरातली रहदारी बाहेरच्या एका पत्त्यावरून नेतो-आणतो. दुसरा स्विच, म्हणजे मागची केबल लावायची तीन-चार छिद्रं. तिसरा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे अँटेना आणि रेडिओ. फायबरचं कनेक्शन असेल तर प्रकाशाचं विजेत रूपांतर करणारा भागही बऱ्याचदा त्यातच असतो.

सुटा अ‍ॅक्सेस पॉइंट यातलं फक्त तिसरं काम करतो. केबलमधून आलेलं हवेत सोडायचं, हवेतून आलेलं केबलमध्ये घालायचं. तो पत्ते वाटत नाही, रहदारीचे निर्णय घेत नाही. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचे निम्मे घोळ होतच नाहीत.

मग रिपीटर का नको? तो केबलशिवाय चालतो, स्वस्तही असतो. पण साधा रिपीटर एकाच रेडिओवर आधी ऐकतो आणि मग तेच पुन्हा बोलतो. प्रत्येक गोष्ट हवेत दोनदा सांगितली जात असल्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय लोक रिपीटर नेमका तिथे लावतात जिथे सिग्नल आधीच मेलेला असतो, म्हणजे मुळातच अर्धवट ऐकलेलं तो पुढे सांगतो. मेशचे डबे (एकमेकांशी बोलून घरभर एकच वायफाय पसरवणारे) याहून शहाणे असतात, काहींत आपापसांत बोलायला वेगळा रेडिओ असतो. तरी त्यांनाही केबल जोडता आली तर जोडावी. केबलने जोडलेला मेशचा डबा हा अखेर अ‍ॅक्सेस पॉइंटच असतो.

केबल

कॅट ५ई केबलवर १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस (म्हणजे १००० एमबीपीएस) वेग मिळतो, आणि घराला किंवा लहान ऑफिसला तेवढा पुरतो. भिंतीच्या आतून किंवा पाइपातून नवी केबल ओढणार असाल तर कॅट ६ घ्या. ती स्वतः फार मोठा फरक पाडते म्हणून नव्हे, तर पुन्हा भिंत फोडायची वेळ येऊ नये म्हणून. कॅट ६ए वर १०० मीटरपर्यंत १० जीबीपीएस जातो, पण ती जाड आणि ताठ असते, वळवताना हात दुखतात.

केबल घेताना एकच गोष्ट ठासून विचारा: तारा शुद्ध तांब्याच्या आहेत का? अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास विकली जाते. ती हलकी असते, वाकवली की तुटते, तिचा विद्युतरोध जास्त असतो, आणि याच केबलमधून वीजही पाठवायची असेल तर ती गरम होते. केबलचं टोक चाकूने खरवडलं आणि आत चंदेरी धातू दिसला तर परत करा.

विजेच्या वायरिंगला चिकटून समांतर केबल नेऊ नका, थोडं अंतर ठेवा. ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा. कोपऱ्यात करकचून मुडपू नका, खिळे मारून चेपू नका. दोन्ही टोकांना कनेक्टर स्वतः बसवणार असाल, तर प्रचलित रंगक्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम हवा. नवशिके नारिंगीनंतर हिरव्याची जोडी सलग लावून मोकळे होतात. मधे निळी जोडी येते आणि हिरवी तिच्या दोन्ही बाजूंना फाकते, ते लक्षात ठेवा. साधा केबल टेस्टर मिळाला तर आठही तारा तपासा. आठातली एक जरी नीट बसली नसेल, तरी बऱ्याचदा कनेक्शन चालू झाल्यासारखं दिसतं, पण १०० एमबीपीएसवर अडकतं. ही चूक पुढे महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

केबल ओढणं खरोखरच अशक्य असेल, तर जुनी टीव्हीची कोअ‍ॅक्सियल वायर भिंतीत आहे का पाहा. तिच्यावरून नेटवर्क नेणारे अ‍ॅडॉप्टर मिळतात आणि ते चांगले चालतात. विजेच्या वायरिंगवरून नेणारेही मिळतात, पण त्यांचा वेग घरातल्या वायरिंगवर आणि त्याच सर्किटवर काय चालू आहे त्यावर अवलंबून असतो. परत करता येत असेल तरच घ्या.

वीज कुठून द्यायची

अ‍ॅक्सेस पॉइंट छताला किंवा उंच भिंतीवर लावायचा म्हटलं की तिथे प्लग नसतो. म्हणून नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याची सोय केलेली आहे, तिला पीओई म्हणतात. तिचं २००३ सालचं पहिलं मानक ८०२.३एएफ, त्यात स्विचच्या एका पोर्टवरून १५.४ वॅटपर्यंत वीज मिळते. २००९ च्या ८०२.३एटी मध्ये ३० वॅटपर्यंत, आणि २०१८ च्या ८०२.३बीटी मध्ये ९० वॅटपर्यंत. आजच्या बहुतेक घरगुती अ‍ॅक्सेस पॉइंटना पहिली दोनच मानकं लागतात. कोणतं, ते डब्यामागे लिहिलेलं असतं.

एकच अ‍ॅक्सेस पॉइंट असेल तर पीओई इंजेक्टर पुरतो: एका बाजूने राउटरकडून आलेली केबल, दुसऱ्या बाजूने अ‍ॅक्सेस पॉइंटकडे जाणारी, आणि त्याला स्वतःला प्लग. तीन-चार अ‍ॅक्सेस पॉइंट असतील तर पीओई स्विच घ्या आणि त्याची एकूण वॅटची मर्यादा बघा. आठ पोर्टांचा स्विच आठही पोर्टांना एकाच वेळी पूर्ण वीज देईलच असं नाही.

एक सावधगिरी. काही जुन्या इंजेक्टरमध्ये समोर काय जोडलंय हे न विचारता थेट २४ किंवा ४८ व्होल्ट सोडलेले असतात. मानक पीओई आधी समोरच्याला हात लावून बघतं आणि मग वीज देतं. हे पॅसिव्ह म्हणवणारे इंजेक्टर तसं करत नाहीत. अशा इंजेक्टरला चुकून लॅपटॉप जोडलात तर पोर्ट जळू शकतो. ज्या डब्यासोबत जो इंजेक्टर आला, तो त्यालाच वापरा.

जागा: भोक पाडण्याआधी

घाई सगळ्यात जास्त इथेच होते आणि महागही इथेच पडते. रेडिओच्या लहरींना मोकळी हवा आवडते. लाकूड आणि पातळ पार्टिशन त्या सहज पार करतात, विटेच्या भिंतीत थकतात, सळयांच्या काँक्रीटमध्ये फार थकतात, आणि धातूपुढे हात टेकतात. आरशामागचा धातूचा लेप, लोखंडी कपाट, फ्रिज, पाण्याची टाकी, माशांचं मोठं टँक हे सगळे अडथळेच. म्हणून अ‍ॅक्सेस पॉइंट टीव्हीमागे किंवा कपाटात लपवणं म्हणजे ट्यूबलाइट पलंगाखाली लावणं.

उंच, उघडी आणि वापराच्या जागेजवळची जागा शोधा. घराच्या मधोमध नव्हे, तर जिथे माणसं बसतात तिथून जवळ. ताटलीसारखे चपटे अ‍ॅक्सेस पॉइंट छताला लावण्यासाठी बनवलेले असतात आणि सिग्नल खाली व चहूबाजूंना पसरवतात. ते भिंतीवर उभे लावले तर सिग्नल पसरण्याची दिशा बदलते. लांबट बोळात मात्र त्याचाच फायदा करून घेता येतो.

मग मोजा. लांब केबल घ्या, अ‍ॅक्सेस पॉइंट उंच स्टुलावर किंवा शिडीवर ठेवा, चालू करा आणि फोनवर सिग्नलची ताकद दाखवणारं एखादं अ‍ॅप घेऊन घरभर फिरा. दारं बंद करून फिरा, कारण प्रत्यक्षात ती बंदच असतात. ताकद डीबीएममध्ये दिसेल आणि आकडा उणे असेल. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त चालतात, आणि नियोजनासाठी हीच सर्वसाधारण रेषा धरतात. उणे ७५ च्या खाली पान उघडेल पण कॉल अडखळेल. उणे ८५ ला कनेक्शन नावापुरतंच. या मोजपट्टीत दर १० ला ताकद दहापटीने बदलते, म्हणजे उणे ७७ हे उणे ६७ पेक्षा ‘जरासं कमी’ नाही, एक दशांश आहे. फोनवरच्या त्या तीन-चार कमानींवर विश्वास ठेवू नका. कुठल्या आकड्याला किती कमानी दाखवायच्या हे प्रत्येक फोन आपलं आपण ठरवतो.

घरातलं वायफाय साधारण २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतं. मोजणी ५ गिगाहर्ट्‌झवर करा. २.४ लांब जातो, म्हणून तो सगळीकडे बरा दिसतो आणि फसवतो. एका अ‍ॅक्सेस पॉइंटने ५ गिगाहर्ट्‌झवर सगळीकडे उणे ६७ गाठता येत नसेल, तर जास्त ताकदवान डबा शोधू नका, दुसरा साधा डबा लावा.

कोणता घ्यावा

यावर फार वेळ घालवू नका. वायफाय ६ म्हणजे ८०२.११एएक्स असलेला, २.४ आणि ५ दोन्ही बँडचा, १ जीबीपीएस पोर्टचा आणि डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेचा नवा प्रकार) चालणारा कोणताही नावाजलेला अ‍ॅक्सेस पॉइंट आज घराला पुरतो. वायफाय ७ ची प्रमाणपत्रं जानेवारी २०२४ पासून मिळू लागली, पण तुमचा फोन वायफाय ७ चा नसेल तर त्याचा बराचसा उपयोग डब्यातच राहतो. खोक्यावरचे ३०००, ५४०० असले आकडे सगळ्या बँडचे सैद्धांतिक वेग बेरीज करून छापलेले असतात. कोणतंही एक उपकरण तो वेग कधी बघत नाही. त्यापेक्षा कंपनी त्या मॉडेलसाठी फर्मवेअरच्या (डब्यातल्या सॉफ्टवेअरच्या) सुधारणा अजून देते का, ते तिच्या साइटवर तपासा.

तीन-चार अ‍ॅक्सेस पॉइंट लावायचे असतील तर सगळे एकाच कंपनीचे आणि एका कंट्रोलरवरून चालणारे घ्या. प्रत्येकाचं पान वेगळं उघडून पासवर्ड बदलण्याचा कंटाळा पहिल्या महिन्यातच येतो.

जोडणी आणि पहिली सेटिंग

नवा सुटा अ‍ॅक्सेस पॉइंट असेल तर काम सोपं आहे: केबलचं एक टोक मुख्य राउटरच्या लॅन पोर्टला (मागच्या तीन-चार सारख्या छिद्रांपैकी एकाला) लावा आणि ती इंजेक्टरमार्गे अ‍ॅक्सेस पॉइंटला लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, कंपनीचं अ‍ॅप किंवा ब्राउझर उघडा. पहिल्याच पानावर अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला, मग फर्मवेअर अद्ययावत करा, मग देश निवडा. देश ही शोभेची नोंद नाही. कोणते चॅनल आणि किती ताकद वापरायची ते त्यावरून ठरतं. दुसरा देश निवडून जास्त ताकद मिळवण्याची युक्ती लोक सांगतात. ती बेकायदा तर आहेच, शिवाय काही वेळा तुमचा फोन ऐकतच नाही अशा चॅनलवर अ‍ॅक्सेस पॉइंट जाऊन बसतो.

घरात पडून असलेला जुना राउटर वापरायचा असेल तर जरा जपून. आधी त्याच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ आहे का बघा. असेल तर तो निवडा, राउटर स्वतःच बाकीचं करतो. नसेल तर हाताने करावं लागेल, आणि त्याचा क्रम महत्त्वाचा आहे.

जुना राउटर मुख्य नेटवर्कला अजून जोडू नका. रिसेटचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून तो कोरा करा. लॅपटॉप केबलने त्याच्या लॅन पोर्टला लावा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ उघडा, टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे. लॉगिन झालं की आधी वायफायचं नाव, पासवर्ड वगैरे भरून घ्या. मग लॅनचा आयपी बदला. समजा मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर आहे आणि तो १०० ते २०० पर्यंतचे पत्ते वाटतो, तर जुन्याला १९२.१६८.१.२ द्या: त्याच मालिकेतला, पण वाटपाच्या बाहेरचा. सेव्ह केल्यावर कनेक्शन तुटेल. ते बरोबरच आहे, नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा. सगळ्यात शेवटी डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद करा. त्यानंतर लॅपटॉपला पत्ता मिळणं थांबेल. पुन्हा आत जायचं असेल तर लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.५० आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० द्या. आता मुख्य राउटरकडून आलेली केबल जुन्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये लावा. वॅन पोर्टमध्ये (बाहेरचं इंटरनेट जिथे येतं त्या छिद्रात) नाही. त्या वेगळ्या रंगाच्या छिद्राकडे हात आपोआप जातो, म्हणून त्यावर चिकटपट्टीच लावून टाका.

वॅनमध्ये लावली तर काय होतं? इंटरनेट चालतं, म्हणूनच चूक कळत नाही. पण जुना राउटर राउटरगिरी सुरूच ठेवतो, घरात दोन वेगळी नेटवर्कं तयार होतात, आणि मागच्या खोलीतल्या फोनला पुढच्या खोलीतला टीव्ही सापडत नाही. डीएचसीपी बंद करायला विसरलात तर त्याहून गंमत. मी एकदा विसरलो होतो. दोन दिवस काही उपकरणं चालत होती, काही नाही, आणि बंद करून चालू केलं की कोणती चालणार ते बदलत होतं. दोन राउटर पत्ते वाटत होते आणि जो आधी ओ देईल त्याचा पत्ता उपकरण घेत होतं. मी मात्र केबलला दोष देत कनेक्टर तिसऱ्यांदा बसवत होतो.

नाव, पासवर्ड, चॅनल

सगळ्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तंतोतंत सारखा ठेवा, मुख्य राउटरशीही जुळता. नावात लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी धरतात, तेव्हा एक अक्षर बदललं तरी फोन त्याला परकं समजतो. सगळं जुळलं तरच फोन एकाकडून दुसऱ्याकडे स्वतःहून जाऊ शकतो.

सुरक्षेसाठी सगळी उपकरणं नवी असतील तर डब्ल्यूपीए३, नाहीतर डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र असलेला पर्याय. एखादा जुना प्रिंटर किंवा स्वस्त स्मार्ट बल्ब या मिश्र पर्यायावर अडून बसला, तर त्याच्यासाठी फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचं आणि डब्ल्यूपीए२ चं एक वेगळं नाव काढा, एका बल्बसाठी सगळ्या घराची सुरक्षा खाली आणू नका. पासवर्ड किमान ८ अक्षरांचा लागतो, तुम्ही चार-पाच असंबद्ध शब्दांचा ठेवा. बटण दाबून जोडणारं डब्ल्यूपीएस बंद करा. त्याच्या आठ आकडी पिनमधली चूक २०११ मध्ये उघड झाली: पिन दोन भागांत तपासली जात असल्यामुळे कोट्यवधींऐवजी जेमतेम ११,००० प्रयत्नांत ती सापडते. नाव लपवणं आणि मॅक पत्त्यांची (प्रत्येक उपकरणाच्या हार्डवेअर क्रमांकांची) यादी करणं या दोन गोष्टींत वेळ घालवू नका. लपवलेलं नाव मोफत अ‍ॅपने दिसतं, आणि आजचे फोन स्वतःच खोटा मॅक पत्ता लावून फिरतात.

२.४ गिगाहर्ट्‌झवर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झ. चॅनल एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्‌झवर आहेत आणि प्रत्येकाला २० च्या आसपास जागा लागते, त्यामुळे हे तीनच एकमेकांच्या पायात येत नाहीत. शेजारी ६ वर आहे म्हणून आपण ४ वर जाणं हे दोघांच्याही तोट्याचं. एकाच चॅनलवर असलेले अ‍ॅक्सेस पॉइंट निदान पाळीपाळीने बोलतात, अर्धवट एकमेकांवर चढलेल्यांना दुसऱ्याचं बोलणं नुसता गोंगाट वाटतो.

५ गिगाहर्ट्‌झवर जागा भरपूर आहे. घरात ८० मेगाहर्ट्‌झ रुंदी चालते, ऑफिसात अनेक अ‍ॅक्सेस पॉइंट असतील तर ४०. शेजारशेजारच्या दोन अ‍ॅक्सेस पॉइंटना वेगळे चॅनल द्या. ५२ ते १४४ हे चॅनल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. त्यांवर अ‍ॅक्सेस पॉइंट आधी किमान एक मिनिट कानोसा घेतो, आणि रडार ऐकू आलं तर चॅनल सोडून अर्धा तास तिकडे फिरकत नाही. विमानतळ किंवा बंदर जवळ असेल तर ३६ ते ४८ मध्येच राहा.

ताकद कमी करा

हे कोणाला पटत नाही. अ‍ॅक्सेस पॉइंट कारखान्यातून बहुधा पूर्ण ताकदीवर किंवा ‘ऑटो’वर येतो, आणि तसाच राहतो. पण वायफाय हे दोघांचं बोलणं आहे. कोणी लांबून भोंग्यावरून हाक मारली तर आपल्याला ती ऐकू येते, पण आपण दिलेली ओ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. फोनचा रेडिओ लहान, बॅटरी जपणारा. तेव्हा फोनवर सिग्नल भरलेला दिसतो आणि तरी काही पुढे सरकत नाही.

दुसरा तोटा अ‍ॅक्सेस पॉइंट दोन असतील तेव्हा दिसतो. एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर कधी जायचं हे फोन ठरवतो, अ‍ॅक्सेस पॉइंट नव्हे. पुढच्या खोलीतला सिग्नल मागच्या खोलीतही बरा येत असेल, तर फोन जुन्यालाच चिकटून राहतो, डोक्यावर नवा लटकत असला तरी. म्हणून २.४ ची ताकद ‘कमी’, ५ ची ‘मध्यम’ ठेवा आणि पुन्हा फिरून मोजा. दोघांच्या सीमेवर साधारण उणे ६७ मिळालं की थांबा. ८०२.११के, व्ही आणि आर असे पर्याय दिसले तर पहिले दोन चालू करायला हरकत नाही. ते फोनला शेजारच्या अ‍ॅक्सेस पॉइंटची माहिती देतात आणि जायला सुचवतात. आर मुळे बदल झटपट होतो, पण काही जुनी उपकरणं त्यावर जोडलीच जात नाहीत. चालू करून आठवडाभर बघा.

पाहुणे, ग्राहक आणि बिलिंगचं यंत्र

दुकान, दवाखाना, क्लास असेल तर ग्राहकांना मुख्य वायफायचा पासवर्ड देऊ नका. वेगळं गेस्ट नेटवर्क काढा आणि ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू करा, म्हणजे एका पाहुण्याचा फोन दुसऱ्याला दिसणार नाही. पण नुसतं वेगळं नाव दिल्याने नेटवर्क वेगळं होत नाही. जुन्या राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंट केला असेल तर त्यातलं गेस्ट नेटवर्क अनेकदा सरळ मुख्य नेटवर्कमध्येच उघडतं, कारण वेगळं ठेवण्याचं काम राउटरचं आणि ते आपण बंद केलेलं. खात्री करायची तर गेस्टवर जाऊन ब्राउझरमध्ये मुख्य राउटरचा पत्ता उघडा, प्रिंटरचा उघडा. उघडले तर पाहुण्यालाही उघडतील.

नीट वेगळं करायला व्हीलॅन, म्हणजे एकाच केबलवर चालणारी वेगवेगळी नेटवर्कं, लागतात: राउटर, स्विच आणि अ‍ॅक्सेस पॉइंट तिघांनाही ते कळायला हवेत. उदाहरणार्थ कर्मचारी व्हीलॅन १०, पाहुणे २०, कॅमेरे ३०. प्रत्येक वायफाय नाव एकेका व्हीलॅनला बांधायचं आणि राउटरवर २० मधून १० कडे जाणं बंद करायचं. अ‍ॅक्सेस पॉइंट जोडलेल्या स्विचच्या पोर्टवर सगळे व्हीलॅन टॅग करून (आपापल्या क्रमांकाची खूण लावून) सोडायला विसरू नका. विसरलात तर नाव दिसतं, पासवर्ड मान्य होतो, पण पत्ता मिळत नाही. बिलिंगचं यंत्र आणि कार्डमशीन शक्य असेल तर केबलवरच ठेवा. वायफायच्या लेखात हा सल्ला विचित्र वाटेल, पण जे उपकरण जागचं हलत नाही त्याला हवेची गरज नाही, आणि ते केबलवर गेलं की हवेत बाकीच्यांना तेवढी जागा मोकळी होते.

अडलं तर

फोन जोडला गेला पण इंटरनेट नाही: फोनचा आयपी बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला कोणी पत्ता दिलाच नाही, केबल किंवा व्हीलॅन तपासा. पत्ता मुख्य राउटरच्या मालिकेतला नसेल, तर कुठेतरी दुसरा डीएचसीपी चालू आहे.

स्पीड कितीही केलं तरी ९४ एमबीपीएसच्या आसपास अडकतो: वायफायचा दोष नाही. केबलची एखादी जोडी तुटलेली आहे किंवा मधे कुठेतरी १०० एमबीपीएसचा जुना स्विच आहे. इंटरनेट बाजूला ठेवून फक्त घरातला वेग मोजायचा असेल, तर केबलवरच्या संगणकावर आयपर्फ३ (वेग मोजणारं सॉफ्टवेअर) चा सर्व्हर चालवा आणि लॅपटॉपवरून वायफायने त्याच्याशी टेस्ट करा.

५ गिगाहर्ट्‌झचं नाव अधूनमधून गायब होऊन परत येतं: बहुधा रडारचे चॅनल. एका विशिष्ट टेबलावरच २.४ मरतो: तिथे यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा हब आहे का बघा, त्यांचा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात पडतो. स्वयंपाकघरात जेवणाच्या वेळी मरतो: मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच चालतो, तिथे ५ वापरा.

आणि काहीतरी जोडल्याक्षणी सगळंच नेटवर्क बसलं, सगळ्या पोर्टांचे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकू लागले, तर शेवटची केबल उपटा. एकाच स्विचकडे परत येणाऱ्या दोन वाटा तयार झाल्या आहेत आणि डेटाचं तेच ते पाकीट गोल फिरतंय. टेबलाखाली सुटं पडलेलं केबलचं टोक कोणीतरी सद्‌भावनेने मोकळ्या पोर्टमध्ये लावलेलं असतं, ते हेच.

सगळं चाललं की सेटिंगचा बॅकअप फाइलमध्ये उतरवून घ्या. प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटच्या पाठीवर त्याचा आयपी, चॅनल आणि कोणत्या पोर्टमधून केबल आली ते मार्करने लिहा, भिंतीवर चढवण्याआधी. नंतर शिडी आणावी लागते.